पाच पौंड, एक जेवण आणि परीक्षा : एडिनबर्गच्या न्हावी-सर्जन मंडळाच्या सभासदत्वाचे परीक्षण

ज्या मंडळाच्या सभासदत्वाचे परीक्षण मी येथे करीत आहे, त्याचे दार माझ्यासारख्या न्हाव्याला १७२२ सालापासून बंद आहे. तरीही ते करावेसे वाटले, कारण ते मंडळ मुळात आमच्याच धंद्याचे होते. स्कॉटलंडमधील एडिनबर्ग शहराच्या नगरसभेने १ जुलै १५०५ रोजी तेथील सर्जन आणि न्हावी यांच्या एकत्रित मंडळाला सनद दिली, पुढच्या वर्षी राजा चौथा जेम्स याने तिला मान्यता दिली, आणि त्याच मंडळाचे आजचे रूप म्हणजे एडिनबर्गचे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स, ज्याच्या पदवीची अक्षरे मुंबईतल्या अनेक सर्जनांच्या पाटीवर आपण नेहमी पाहतो.

मला हे कळले ते लालबागच्या आमच्या दोन खुर्च्यांच्या केशकर्तनालयात. परळच्या एका रुग्णालयातून निवृत्त झालेले एक सर्जन गेली अनेक वर्षे आमच्याकडे दाढीला येतात. एके दिवशी गालाला फेस लावलेला असतानाच ते म्हणाले, "तात्या, तुम्ही आणि आम्ही एके काळी एकाच मंडळाचे सभासद होतो, ठाऊक आहे का तुम्हाला?" मला ते खरे वाटेना. पुढच्या खेपेस त्यांनी त्या सनदेची छापील प्रत आणली. तिची भाषा जुनी स्कॉट्स असल्याने इंग्रजी येणाऱ्यालाही ती सहज लागत नाही, म्हणून दुकानाला सुट्टी असते त्या दोन सोमवारी डॉक्टरांनी स्वतः दुकानात बसून मला एकेक कलम समजावून सांगितले. धंद्याच्या संघटनेचा मी चोवीस वर्षे वर्गणीदार आहे, त्यामुळे प्रत्येक कलम ऐकताना माझ्या मनात एकच प्रश्न होता, की हे पैसे भरून कारागिराच्या हाती नेमके काय पडत होते.

प्रथम फी पाहू. मंडळात नव्याने येणाऱ्याला प्रवेशाच्या वेळी पाच पौंड भरावे लागत. या रकमेला तेथे 'अपसेट' असे नाव होते, म्हणजे स्वतःचे दुकान मांडण्याच्या हक्काची रक्कम. एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेनी या हिशेबाने ते १,२०० पेनी होतात. हा स्कॉटिश पौंड इंग्लंडच्या पौंडापेक्षा बराच हलका होता, आणि १६०३ मध्ये दोन्ही राज्यांचा राजा एक झाला तेव्हा बारा स्कॉटिश पौंडांना एक इंग्रजी पौंड असा भाव ठरला; तरीही हातावर पोट असलेल्या माणसाला ही रक्कम जड होती यात शंका नाही. मात्र आत गेल्यावर मालकाला आठवड्याची वर्गणी फक्त एक पेनी होती आणि त्याच्या पगारी कारागिराला अर्धी पेनी. वर्षाच्या ५२ पेनी धरल्या तर प्रवेश फी ही २३ वर्षांच्या वर्गणीइतकी भरते. म्हणजे आत येणे कठीण आणि आत राहणे सोपे, अशी ही रचना होती. मला ती पटते. आमच्या संघटनेत मी भरलेली प्रवेश फी ११०० रुपये होती, पण त्यानंतर वार्षिक वर्गणी, मेळाव्याची वर्गणी आणि कधी इमारत निधी अशा पावत्या इतक्या जमल्या आहेत की आरशाखालचा एक खण त्यांनीच भरला आहे. ज्याचा धंदा एखाद्या वर्षी बसतो, तो अशा वर्गणीपायीच बाहेर फेकला जातो. आठवड्याला एक पेनी देणाऱ्यावर ती वेळ सहसा येत नसणार.

पैसा जात होता कोठे, हेही सनदेत स्पष्ट लिहिले आहे. शहरातील सेंट जाइल्स या मुख्य चर्चमध्ये मंडळाचे कुलदैवत म्हणावे अशा सेंट मंगो या संताची वेदी होती. प्रवेश फी, वर्गणी आणि दंड यांतील पैसा तिच्या दुरुस्तीसाठी व पूजेसाठी होता, शिवाय वेदीवरच्या पुरोहिताला प्रत्येक मालकाने पाळीपाळीने जेवण द्यायचे होते. संत सेना महाराजांच्या पुण्यतिथीसाठी वर्गणी काढणाऱ्या आमच्या नाभिक समाजाला यात नवल वाटणार नाही. पुढे १५६० च्या धर्मसुधारणेत चर्चमधल्या वेद्या गेल्या, आणि स्कॉटलंडमधील कारागीर मंडळांचा पैसा मुख्यतः वृद्ध सभासद, विधवा आणि पोरकी मुले यांच्या मदतीकडे वळला. फीचा विनियोग सनदेतच लिहून ठेवणे ही मला या मंडळाची मोठी जमेची बाजू वाटते.

आता फीच्या यादीत चटकन नजरेत न भरणारे दोन खर्च सांगितले पाहिजेत. पहिला खर्च जेवणाचा. प्रवेश मिळालेल्याने मंडळातील सर्व मालकांना जेवण घालावे, असे कलम आहे, आणि त्या जेवणाला किमतीची मर्यादा घातलेली नाही. दुसरा खर्च याहून मोठा आहे. मंडळात येण्यापूर्वी माणूस शहराचा 'बर्जेस', म्हणजे हक्कदार नागरिक, असला पाहिजे अशी अट होती, आणि तो हक्क वारशाने, बर्जेसच्या मुलीशी लग्न करून, शहरात उमेदवारी करून किंवा पैसे मोजून मिळवावा लागे. म्हणजे पाच पौंडांच्या दाराआधी आणखी एक दार होते. माझे वडील बार्शीकडून धोकटी घेऊन गिरणगावात आले आणि पहिली चार वर्षे त्यांनी चाळीच्या जिन्याखाली, एका लाकडी पेटीवर गिऱ्हाईक बसवून धंदा केला. त्या माणसाला एडिनबर्गमध्ये वस्तरा उघडण्याचीही परवानगी मिळाली नसती. ही या सभासदत्वाची खरी उणीव आहे, आणि फी कमी-जास्त करून ती भरून निघणारी नाही.

मुलांच्या सवलतीचे कलम डॉक्टरांनी वाचले तेव्हा मी रागावलो होतो. सभासद मालकाच्या एका औरस मुलाला प्रवेश फी माफ आहे, एवढेच प्रथम माझ्या कानावर आले, आणि आमच्याकडे वशिल्याने मिळणारी सभासदत्वे डोळ्यांपुढे उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "तात्या, वाक्य अजून पुरं झालेलं नाही." पुढचा भाग असा आहे की माफी फक्त पैशाची आहे, त्या मुलालाही मालकांपुढे परीक्षा देऊन उत्तीर्ण व्हावे लागेल आणि त्यानंतर जेवणही घालावे लागेल. शिवाय ही माफी एकाच मुलाला, घरातल्या सगळ्यांना नाही. आमच्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. त्याचे बलुते वंशपरंपरेने चालत असे, त्याला प्रवेश फी नव्हती आणि परीक्षाही नव्हती. बापाच्या हातात जो वस्तरा होता तो मुलाच्या हातात येई, मग त्याचा हात स्थिर असो वा नसो. त्या व्यवस्थेशी तुलना केली तर एडिनबर्गची सवलत मला पुष्कळच न्याय्य वाटते, कारण तिने घराण्याला पैशात मान दिला, पण गिऱ्हाइकाच्या अंगाशी तडजोड केली नाही.

या सभासदत्वाचा गाभा म्हणजे परीक्षा. प्रवेश मागणाऱ्याला माणसाच्या शरीरातील प्रत्येक अवयवाची रचना आणि प्रकृती ठाऊक असली पाहिजे. सर्व शिरा ठाऊक असल्या पाहिजेत, कारण शीर उघडून रक्त काढणे हा त्या काळचा मुख्य उपचार होता आणि तो योग्य वेळी करता आला पाहिजे. कोणत्या वेळी कोणत्या अवयवावर कोणत्या राशीचा अंमल असतो, हेही त्याला सांगता आले पाहिजे. हे शेवटचे कलम आज टिकणार नाही, पण शनिवारी दाढी नको आणि अमावास्येला केस नको म्हणणारी गिऱ्हाइके माझ्याकडे आजही असल्याने त्या काळच्या लोकांना दोष देण्याची माझी तयारी नाही. या विषयांच्या यादीनंतर सनदेत एक कारण दिले आहे, ते मी डॉक्टरांकडून तीनदा वाचून घेतले : प्रत्येक माणसाने ज्या वस्तूवर तो काम करतो तिचा स्वभाव आणि तिचे द्रव्य जाणले पाहिजे, नाहीतर तो निष्काळजी ठरतो. माझे आजोबा गावी गळू फोडायचे आणि तुंबडी लावायचे. ते कसे शिकलात असे विचारले की "बघून बघून" एवढेच सांगायचे. त्यांचा हात चांगला होता असे सगळे म्हणतात, पण तो चांगला आहे की नाही हे तपासणारे कोणी नव्हते, आणि ज्याचा हात वाईट होता त्यालाही कोणी अडवले नसते.

शिकण्यासाठी मंडळाने शहराकडे जे मागून घेतले, त्याने मी थक्क झालो. मृत्युदंड झालेल्या एका माणसाचे प्रेत वर्षातून एकदा आम्हाला मिळावे, म्हणजे ते उघडून आम्हाला अनुभव मिळेल आणि आम्ही एकमेकांना शिकवू शकू, अशी ती मागणी आहे. लगेच पुढे लिहिले आहे की त्या माणसाच्या आत्म्यासाठी आम्ही प्रार्थना करू. फासावर गेलेल्या गुन्हेगाराच्या देहापासून आपण काही शिकलो तर त्याचे आपल्यावर ऋण आहे, हे मानणारी माणसे १५०५ मध्ये वस्तरा चालवत होती. डॉक्टर म्हणाले की शवविच्छेदनाच्या पहिल्या तासाला त्यांच्या प्राध्यापकांनीही वर्गाला आधी हात जोडायला लावले होते. त्यानंतर थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प बसलो.

या परीक्षेशी माझ्या संघटनेचा प्रवेश ताडून पाहिल्यावर मला वाईट वाटले. मी अर्ज दिला, ११०० रुपये भरले, आणि त्याच दुपारी मला पावती, दरपत्रकाचा फलक आणि एक दिनदर्शिका मिळाली. वस्तरा कसा धरता, एका गिऱ्हाइकाचे ब्लेड दुसऱ्याला वापरता का, कापले तर काय करता, यांतले एकही वाक्य मला कोणी विचारले नाही. दरपत्रकाचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. भावावरून होणारी घासाघीस त्याने थांबते. पण दर काय घ्यावा हे सांगणाऱ्या संस्थेने तो दर घेण्याची योग्यता या माणसात आहे का, हेही पाहावे, अशी माझी मनापासून अपेक्षा आहे.

साक्षरतेचे कलम माझ्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. ज्याला लिहिता आणि वाचता येत नाही अशा मुलाला किंवा पगारी माणसाला सर्जरीच्या कामासाठी कोणत्याही मालकाने घेऊ नये, असे सनद सांगते. छापखाना युरोपात येऊन तेव्हा जेमतेम पन्नास वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ही अट किती पुढची होती ते कळेल. सहा वर्षांपूर्वी माझ्या दुकानात एक घटना घडली. नवा मुलगा होता, हाताला हलका आणि स्वभावाने गोड, पण शाळा दुसरीत सुटलेली. दाढीनंतर लावायचे जंतुनाशक संपले, म्हणून मी नवी मोठी बाटली आणून ठेवली. ती पाण्यात मिसळून वापरायची होती आणि तसे तिच्यावर मराठीत छापलेलेही होते. मी बाहेर गेलो असताना त्याने ती तशीच, निव्वळ, एका गिऱ्हाइकाच्या गालावर लावली. गाल लाल होऊन सुजला, दोन दिवस त्याची साल निघत होती. गिऱ्हाईक भला माणूस होता, त्याने गाजावाजा केला नाही, पण तो पुन्हा आला नाही. चूक त्या मुलाची नव्हती. त्याला वाचता येते का, हे मी विचारले नव्हते. म्हणून या एका कलमासाठी मी त्या मंडळाला पाच पौंड आनंदाने दिले असते.

उमेदवाराबद्दलची, म्हणजे मालकाच्या हाताखाली धंदा शिकणाऱ्या मुलाबद्दलची, आर्थिक कलमेही विचारपूर्वक केलेली आहेत. नवा उमेदवार घेताना २० शिलिंग भरायचे ते मालकाने. यामुळे फुकट राबवण्यासाठी चार-पाच पोरे भरून ठेवण्याला आपोआप आळा बसत असणार. दुसऱ्या मालकाचा उमेदवार किंवा नोकर त्याची मुदत संपण्याआधी आपल्याकडे ठेवून घेतला, तर दर वेळी तितक्याच, म्हणजे २० शिलिंगांचा दंड होता, आणि तो कोणाचीही भीड न धरता घ्यावा असे स्पष्ट बजावले आहे. हे कलम मी जिवाला लावून घेतले, त्याचे कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी बार्शीकडचाच एक मुलगा माझ्याकडे होता. त्याला कंगव्यावर कात्री धरण्यापासून सगळे मी शिकवले. फुग्यावर फेस लावून वस्तरा फिरवायचा सराव त्याने महिनाभर केला, आणि ज्या दिवशी सलग दहा फुगे फुटले नाहीत त्या दिवशी मी त्याला पहिले गिऱ्हाईक दिले. अडीच वर्षांनी, त्याचा हात नुकताच बसला असताना, समोरच्या गल्लीतल्या दुकानदाराने महिन्याला दीड हजार जास्त देऊन त्याला नेले. मी संघटनेच्या कचेरीत गेलो. दोन्ही दुकाने सभासद असल्याने आम्ही यात पडत नाही, असे उत्तर मला मिळाले. दोन्ही सभासद असतानाच जर मंडळ मध्ये पडणार नसेल, तर ते कधी पडणार, हे मला आजतागायत कळलेले नाही.

असे असले तरी या कलमाची दुसरी बाजू दडवणे बरोबर होणार नाही. मालक मारकुटा असेल, पोटाला देत नसेल, शिकवण्याऐवजी पाणीच भरायला लावत असेल, तर त्या मुलाला दुसरा मालक जवळ करू शकणार नाही, अशीही या कलमाची धार आहे, आणि मुलाने दाद कोठे मागावी हे सनदेत दिलेले नाही. मला सोडून गेलेल्या मुलाला घरी पैसे पाठवायचे होते. त्याची बाजू ऐकून घेणारे कलम असते, तर मी या भागाला पूर्ण गुण दिले असते.

सभासदाला मिळणाऱ्या मक्तेदारीबद्दल थोडक्यात लिहितो. शहरात 'ॲक्वा व्हिटी', म्हणजे ज्यातून पुढे व्हिस्की आली ते मद्यार्क, गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क फक्त याच मंडळाच्या सभासदांना होता. इतर पुरुषाने किंवा स्त्रीने ते केले तर माल जप्त. औषध म्हणून त्याचा वापर होत असल्याने हे कलम आले असावे. १५५७ मध्ये बेसी कॅम्पबेल नावाच्या एका बाईला याच कलमाखाली बाजाराचा दिवस सोडून मद्यार्क गाळण्या-विकण्यास मनाई झाली. सभासदाच्या दृष्टीने हा फायदा घसघशीत होता, पण त्या बाईने कोणाच्या शरीरावर वस्तरा चालवला नव्हता. परीक्षेच्या जोरावर मिळालेला हक्क आणि परीक्षेशी संबंध नसलेला हक्क यांत मी फरक करतो, आणि हे कलम मला दुसऱ्या प्रकारातले वाटते.

पुढची हकिकत आमच्यासाठी दुःखाची आहे. ज्या न्हाव्याला शरीरशास्त्र पूर्णपणे येत नाही त्याने सर्जरी करू नये, असे मूळ सनदेतच होते. जसजसे सर्जनांचे ज्ञान वाढत गेले तसतसा हा एकच नियम दोन धंद्यांमधली भिंत झाला, आणि १७२२ मध्ये दोघे कायद्याने वेगळे झाले. सर्जनांना १७७८ मध्ये राजाकडून कॉलेजची नवी सनद मिळाली. १८४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या सर्व शहरांतील कारागीर मंडळांची व्यापारी मक्तेदारी रद्द केली. ग्लासगोमध्ये मात्र १६०५ च्या करारातून उभ्या राहिलेल्या ट्रेड्स हाउसच्या चौदा धंद्यांमध्ये न्हाव्यांचे मंडळ आजही आहे आणि ते धर्मादाय काम करते. तेथे प्रवेशाचे दोन मार्ग रूढ होते : सभासदाचा मुलगा किंवा जावई असेल तर 'जवळच्या हाताने', कमी फी भरून, परका असेल तर 'लांबच्या हाताने', जास्त भरून. जावयालाही सवलत देण्याची ही रीत एडिनबर्गच्या 'एकाच मुलाला, तीही परीक्षेनंतर' या काटेकोर कलमापुढे मला सैल वाटते.

तेव्हा एखाद्या होतकरू कारागिराने १५०५ मध्ये मला विचारले असते, तर नागरिकत्वाची अट ओलांडता येत असेल तर कर्ज काढ पण हे सभासदत्व घे, असे मी त्याला सांगितले असते. फी रास्त आहे, जेवणाचा खर्च आधीच ठरवून घे, मद्याच्या मक्तेदारीसाठी जाऊ नकोस, परीक्षेसाठी जा.

आमच्या संघटनेच्या वार्षिक सभेसाठी मी दोन सूचना लिहून दिल्या आहेत. नव्या सभासदाने दोन ज्येष्ठ कारागिरांसमोर एक दाढी आणि एक हजामत करून दाखवावी, ही पहिली. उमेदवार घेणाऱ्या मालकाने ठरावीक रक्कम निधीत भरावी आणि उमेदवाराला तक्रार करता येईल असा एक सभासद नेमावा, ही दुसरी. चिटणीसांनी कागद ठेवून घेतला आहे. गेल्या महिन्यात माझ्याकडे सांगोल्याचा एक सतरा वर्षांचा मुलगा आला. त्याच्या हाती वस्तरा देण्याआधी मी फळीवरची जंतुनाशकाची बाटली त्याला दिली आणि मागचे वाचून दाखव म्हणालो. त्याने ती उजेडात धरली, अक्षरावर बोट ठेवले, आणि "एक झाकण औषध, वीस झाकणं पाणी" असे सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचले.